शाईची रेघ आणि खडूची रेघ

गेल्या वर्षी एका तालुक्याच्या गावी शालेय विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून जाण्याचा योग आला. ज्वालामुखी, पवनचक्की, पावसाचे पाणी साठवण्याची प्रतिकृती असे नेहमीचे प्रयोग होतेच. एका टेबलावर मात्र पुठ्ठ्याचे, दोन हात लांबीचे टायटॅनिक जहाज होते. आठवीतल्या दोन मुलांनी ते मोठ्या मेहनतीने केले होते. चार धुरांडी, चारही धुरांड्यांतून कापसाचा धूर, आणि उजव्या कुशीवर नाळेपासून जवळजवळ मध्यापर्यंत लाल रंगाने काढलेली एक रुंद भेग. खाली सुवाच्य अक्षरांत लिहिले होते : 'हिमनगाने फाडलेली ३०० फूट लांब भेग. जहाजाचे वजन ४६,३२८ टन.'

मी वहीत गुण मांडत होतो, तेवढ्यात शेजारच्या टेबलावरची नववीतली एक मुलगी पुढे आली. "सर, एवढी मोठी भेग पडली, तर जहाज दोन तास चाळीस मिनिटं वर राहिलं कसं? आमच्या घरच्या टाकीला बोटाएवढं भोक पडलं होतं, तर ती तासाभरात रिकामी झाली."

मी काहीतरी थातुरमातुर उत्तर दिले आणि पुढच्या टेबलाकडे वळलो. पण प्रश्न मनातून जाईना. त्याचे कारण सांगायला थोडा संकोच वाटतो. तरंगण्याच्या नियमांवर मी शाळाशाळांतून व्याख्याने देतो आणि त्यांत कित्येक वर्षे मी हेच चित्र दाखवत आलो होतो. तीच लाल भेग, तेच ४६,३२८ टन. चित्र इतके ओळखीचे झाले होते, की ते कुणी, कशावरून काढले हे विचारायचे मला कधी सुचले नव्हते.

घरी आल्यावर टायटॅनिकची मिळतील तेवढी चित्रे, आराखडे आणि पुस्तके घेऊन बसलो. जुन्या जहाजांच्या चित्रांकडे कसे पाहावे, याविषयी जे हाती लागले ते शिक्षकांपुढे ठेवावे, म्हणून हा लेख.

जहाज कागदावर कसे उतरते

घराचा आराखडा काढणे सोपे असते, कारण भिंती सरळ असतात. जहाजाच्या कुशीला मात्र सरळ अशी रेषा फारशी नसतेच. म्हणून जहाजबांधणीत एक युक्ती वापरतात. दुधी भोपळ्याच्या आडव्या चकत्या केल्या, तर प्रत्येक चकतीचा घेर वेगळा दिसतो. तोच भोपळा लांबीच्या दिशेने उभा चिरला किंवा आडवा ठेवून थरांमध्ये कापला, तर आणखी दोन प्रकारचे आकार मिळतात. जहाजाचे असे तिन्ही दिशांचे छेद एकाच कागदावर मांडले, की त्याचा पूर्ण आकार सांगता येतो. कुशीवरचा कोणताही एक बिंदू तिन्ही छेदांमध्ये एकाच जागी यावा लागतो. तो तसा आला नाही, तर कुठेतरी चूक आहे. पूर्वी कारखान्यात हेच छेद मोठ्या लाकडी जमिनीवर पूर्ण मापाने पुन्हा काढीत. कागदावर लपलेली चूक तिथे उघडी पडे.

म्हणजे बांधणीचा आराखडा हा आपली तपासणी आपणच करणारा पुरावा असतो. बुडण्याच्या प्रसंगाच्या चित्राला अशी सोय नसते. ते साक्षीवर, अंदाजावर आणि पुष्कळदा आधीच्या चित्रावर आधारलेले असते. छापील पानावर मात्र दोन्ही सारख्याच ठसठशीत रेषांनी येतात.

या दोहोंतला फरक दाखवणारा एक कागद सुदैवाने टिकून आहे. १९१२ साली ब्रिटनमध्ये या अपघाताची चौकशी झाली, तेव्हा जहाजाचा सुमारे दहा मीटर लांबीचा उभा छेद तिथे टांगण्यात आला होता. २०११ साली इंग्लंडमध्ये त्याचा लिलाव झाला. जहाजाचे डेक, जिने, बॉयलर, कप्पे हे सारे त्यावर शाईने काढले आहे. हिमनगाचा मार कुठे बसला असावा, त्याच्या खुणा मात्र रंगीत खडूने केलेल्या आहेत. शाईची रेघ म्हणजे मोजलेले, खडूची रेघ म्हणजे अनुमान. त्या दालनात बसलेल्या प्रत्येकाला हा भेद डोळ्यांनी दिसत होता. पुढे चित्रकारांनी आणि पुस्तकांनी खडूवरून शाई फिरवली. टायटॅनिकच्या चित्रांवर माझा मुख्य आक्षेप हाच आहे.

तीनशे फुटांची भेग

चौकशीच्या अहवालात म्हटले होते, की तळाच्या कण्यापासून सुमारे १० फुटांवर, सुमारे ३०० फुटांच्या टप्प्यात जहाजाला इजा झाली. टप्प्यात इजा होणे वेगळे आणि तेवढी अखंड भेग पडणे वेगळे. पुण्याहून साताऱ्याला जाताना रस्त्यात खड्डे लागले, याचा अर्थ पुण्यापासून साताऱ्यापर्यंत एकच खड्डा होता असा होत नाही. पण चित्रकाराला खड्ड्यांपेक्षा भेग काढणे सोपे जाते आणि ती दिसतेही भेदक.

विशेष म्हणजे ही भेग खोटी असल्याचे गणित त्याच चौकशीत मांडले गेले होते. जहाज बांधणाऱ्या हारलँड अँड वुल्फ या कारखान्याचे नौका-अभियंते एडवर्ड वाइल्डिंग यांनी ते केले. टायटॅनिकच्या आराखड्याचे प्रमुख थॉमस अँड्र्यूज जहाजाबरोबरच बुडाले होते, त्यामुळे तांत्रिक साक्ष देण्याचे काम वाइल्डिंग यांच्याकडे आले. कोणत्या कप्प्यात किती वेळात किती पाणी चढले हे साक्षीदारांच्या सांगण्यावरून जुळवून त्यांनी सांगितले, की सगळ्या छिद्रांचे मिळून क्षेत्रफळ १२ चौरस फुटांच्या आसपास असावे. म्हणजे १.१ चौरस मीटर. आपल्या घराचा साधा दरवाजाही याहून मोठा असतो.

हे गणित नववी-दहावीच्या वर्गात करता येते, म्हणून थोडे सविस्तर देतो. पहिल्या ४० मिनिटांत सुमारे १६,००० टन पाणी आत आले. सेकंदाला हे जवळजवळ ६.७ घनमीटर होते. जहाज पाण्यात सुमारे १०.५ मीटर बुडालेले होते आणि इजा तळापासून ३ मीटर वर होती, तेव्हा छिद्रे पाण्याच्या पातळीखाली साधारण ७.५ मीटरवर होती. इतक्या खोलीवरच्या छिद्रातून पाणी ज्या वेगाने आत घुसते, तो वेग ७.५ मीटर उंचीवरून सोडलेल्या दगडाच्या जमिनीवर पोचतानाच्या वेगाइतकाच असतो. मुलांना हे सूत्र ठाऊक असते : गुरुत्वत्वरण गुणिले उंची, त्याची दुप्पट आणि तिचे वर्गमूळ. उत्तर येते सेकंदाला सुमारे १२ मीटर. ओबडधोबड छिद्रातून जाताना धार आवळली जाते, म्हणून प्रत्यक्ष प्रवाह या हिशेबाच्या साठ टक्के धरतात, म्हणजे सुमारे ७.३. आता ६.७ ला ७.३ ने भागा. क्षेत्रफळ आले ०.९ चौरस मीटर. आत पाणी चढत जाते तसा बाहेरच्या पाण्याचा जोर कमी पडतो, हे लक्षात घेतले तर छिद्र थोडे मोठे धरावे लागते आणि आपण वाइल्डिंग यांच्या आकड्यापाशी येऊन पोचतो.

आता चित्रातली भेग घ्या. लांबी ९० मीटर आणि रुंदी फार नको, वीतभराहून थोडी जास्त, ३० सेंटिमीटर धरू. क्षेत्रफळ २७ चौरस मीटर होते. यातून सेकंदाला जवळजवळ २०० घनमीटर पाणी शिरेल आणि ४० मिनिटांचे पाणी दीड मिनिटाच्या आत जहाजात येईल. मग कसल्या जीवनौका आणि कसले दोन तास चाळीस मिनिटे! त्या मुलीने टाकीच्या भोकावरून जे ओळखले, ते हेच होते.

१ सप्टेंबर १९८५ रोजी फ्रेंच आणि अमेरिकन संशोधकांच्या संयुक्त मोहिमेला टायटॅनिकचे अवशेष सुमारे ३,८०० मीटर खोलीवर सापडले. पण नाळेकडचा भाग गाळात रुतलेला असल्यामुळे इजा झालेली जागा दिसत नव्हती. १९९६ साली गाळाच्या आत डोकावू शकणाऱ्या ध्वनिलहरींनी तिची तपासणी झाली. अखंड भेग कुठेच नव्हती. सहा अरुंद फटी होत्या आणि त्यांचे एकूण क्षेत्रफळ वाइल्डिंग यांनी सांगितले तेवढेच, १२-१३ चौरस फूट निघाले. कागद-पेन्सिलीने केलेले गणित ८४ वर्षांनी खरे ठरले. तोवर किती पुस्तकांत ती लाल भेग छापली गेली, याची मोजदाद कोण करणार!

अखंड की दुभंग

दुसऱ्या चित्राची कथा उलट आहे. जॅक थेअर हा १७ वर्षांचा प्रवासी बर्फगार पाण्यातून वाचला. त्याच्या सांगण्यावरून, वाचलेल्यांना घेऊन जाणाऱ्या कार्पेथिया जहाजावरच्या स्किडमोर नावाच्या प्रवाशाने बुडण्याच्या टप्प्यांची चित्रमालिका काढली आणि ती १९१२ सालीच प्रसिद्ध झाली. त्यात जहाज मध्ये मोडलेले दाखवले आहे. आणखी काही जणांनीही जहाज मोडताना पाहिल्याचे सांगितले होते. वाचलेल्यांतले सर्वांत वरिष्ठ अधिकारी चार्ल्स लाइटोलर मात्र जहाज अखंड बुडाले असे म्हणाले आणि चौकशीने तेच मान्य केले. त्यानंतर अखंड जहाज उभे होऊन पाण्यात जात असल्याची चित्रे रूढ झाली. १९५८ सालच्या 'अ नाइट टु रिमेंबर' या चित्रपटातही ते तसेच बुडते. १९८५ साली नाळेकडचा आणि पिछाडीचा असे दोन तुकडे एकमेकांपासून सुमारे ६०० मीटरवर सापडले आणि त्या पोराचे चित्र मुख्य मुद्द्यावर खरे ठरले.

येथे एक सावधगिरी बाळगायला हवी. 'पाहा, सगळे चुकले आणि एकटा मुलगा बरोबर होता' अशी गोष्ट सांगण्याचा मोह होतो. पण थेअरच्या चित्रमालिकेत मोडल्यानंतर नाळेकडचा भाग पुन्हा पाण्यावर उसळतो. हजारो टन पाणी भरलेला तो भाग वर येणे शक्य नव्हते. एकाच चित्रातली एक रेघ बरोबर आणि दुसरी चूक असू शकते. साक्षीदार खरा की खोटा, असा सरसकट निकाल न देता प्रत्येक रेघ वेगळी तपासावी लागते. चौकशीचे चुकले ते इथेच : वाइल्डिंग यांनी मोजून सांगितले, तसे इथे मोजता येण्याजोगे काही नव्हते, तरी अधिकाराच्या जागेवरून आलेली साक्ष जास्त वजनाची धरली गेली.

बहिणीचा फोटो

तिसरा दोष जास्त साधा, पण सर्रास आढळणारा. टायटॅनिकचे जुळे म्हणावे असे ऑलिंपिक हे जहाज तिच्या आधी, १९११ साली सेवेत आले. ते अनेक वर्षे चालले, त्यामुळे त्याचे फोटो भरपूर आहेत. टायटॅनिकला पहिल्याच सफरीत जलसमाधी मिळाली, म्हणून तिचे फोटो त्या मानाने फार कमी. साहजिकच पुष्कळ पुस्तकांत टायटॅनिक म्हणून ऑलिंपिकच छापलेली असते. ओळखण्याची खूण सोपी आहे. फिरण्यासाठी ठेवलेल्या वरच्या लांब डेकचा पुढचा अर्धा भाग टायटॅनिकवर खिडक्या लावून बंद केला होता, तर ऑलिंपिकवर तो शेवटपर्यंत उघडा होता. आपल्या ग्रंथालयातली दोन-तीन पुस्तके काढून मुलांना हा शोध घ्यायला लावा. त्यांना मजा येईल.

या सरमिसळीतून एक गमतीदार पेच निर्माण झाला आहे. टायटॅनिकच्या मधल्या प्रोपेलरला पाती किती? ऑलिंपिकच्या फोटोवरून चित्रकार वर्षानुवर्षे चार पाती काढत आले. पण टायटॅनिकच्या प्रोपेलरांचा फोटो उपलब्ध नाही, आणि कारखान्याच्या एका जुन्या नोंदवहीत तिच्या मधल्या प्रोपेलरपुढे तीन पात्यांची नोंद असल्याचे अलीकडच्या काळात लक्षात आले. समुद्रतळावर तो प्रोपेलर गाळात गाडलेला आहे. नोंदवही हा फोटोहून नीरस पुरावा, पण तो या जहाजाचा आहे आणि फोटो दुसऱ्या जहाजाचा. अशा जागी प्रामाणिक चित्रकाराने तुटक रेषा काढावी.

धुराचेही तसेच. टायटॅनिकचे २९ बॉयलर पहिल्या तीन धुरांड्यांना जोडलेले होते. चौथे मुख्यतः हवा खेळती ठेवण्यासाठी होते. चारही धुरांड्यांतून सारखाच काळा धूर काढणाऱ्याने जहाजाच्या पोटात डोकावलेले नाही, एवढे त्यावरून कळते.

टन म्हणजे काय, आणि कप्प्यांना झाकण होते का

त्या पुठ्ठ्यावरचा आकडाही तपासू. ४६,३२८ हा आकडा बरोबर आहे, पण ते वजन नव्हे. जहाजाच्या नोंदणीतला टन हे घनफळाचे माप असते : १०० घनफूट म्हणजे एक टन, साधारण २.८ घनमीटर. प्रवासी आणि माल यांसाठी आत जागा किती, हे त्यावरून कळे आणि बंदराचे शुल्क त्यावर ठरे. पूर्ण भरलेल्या टायटॅनिकचे वजन, म्हणजे तिने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन, सुमारे ५२,३१० टन होते. आर्किमिडीजचा नियम शिकवताना वापरायचा आकडा हा. पहिला आकडा वापरला तर उत्तर चुकते आणि मुलांना नियमच संशयास्पद वाटू लागतो.

शेवटचा आक्षेप कप्प्यांच्या चित्रांवर. जहाज १६ जलाभेद्य कप्प्यांत विभागलेले होते. बहुतेक पुस्तकांतल्या चित्रांत ते सोळा बंद डब्यांसारखे दिसतात. मग प्रश्न पडतो, की पुढचे पाच-सहा डबे भरले तर बाकीचे दहा जहाजाला तारू का शकले नाहीत? उत्तर आराखड्यातच आहे. कप्प्यांच्या आडव्या भिंती सर्वांत वरच्या डेकपर्यंत पोचतच नव्हत्या. नाळ खाली झुकली, तसे एका कप्प्यातले पाणी भिंतीवरून पुढच्या कप्प्यात सांडत गेले. फ्रिजमधला बर्फाचा ट्रे एका टोकाने नळाखाली तिरका धरून पाहा. सगळा अपघात त्यात समजतो. डबा आणि ट्रे यांतला फरक चित्रात एका छोट्या रेघेचा असतो, पण कारण समजणे न समजणे त्या रेघेवर अवलंबून असते.

सुंदर चित्रांचे काय करायचे

एवढे वाचून चित्रकारांवर मी उगाच रागावलो आहे असे वाटेल. तसे नाही. अवशेष शोधणाऱ्या मोहिमेतले रॉबर्ट बॅलार्ड यांच्या १९८७ सालच्या पुस्तकात केन मार्शल यांनी काढलेली चित्रे आहेत. समुद्रतळावर मिट्ट काळोख असतो आणि पाणबुडीचा दिवा काही मीटरच पोचतो. त्यामुळे संपूर्ण अवशेष एका फोटोत कधीच येणार नव्हते. तुकड्यातुकड्यांच्या फोटोंवरून मार्शल यांनी सबंध जहाज डोळ्यांपुढे उभे केले. चित्रकला हे संशोधनाचे साधन कसे होते, याचा याहून चांगला नमुना मला माहीत नाही. आक्षेप एवढाच, की त्या चित्रांत फोटोवरून घेतलेला भाग कुठे संपतो आणि चित्रकाराने जुळवलेला कुठे सुरू होतो, हे दिसत नाही. निळसर उजेडात न्हालेले ते दृश्य कोणत्याही डोळ्याने पाहिलेले नाही. २०२२ साली सात लाखांहून अधिक छायाचित्रे जोडून अवशेषांची संगणकीय प्रतिकृती तयार करण्यात आली, आणि आता हे चित्र बिंदूबिंदूने पडताळता येते. चित्र जितके सुंदर, तितका हा प्रश्न विचारायला आपण विसरतो.

वर्गात करण्याजोगा एक उपक्रम सुचवतो. किनाऱ्याजवळची शाळा असेल तर एखादी होडी, नाही तर नदीवरची नाव, तेही नसेल तर शाळेची घंटागाडी किंवा बैलगाडी निवडा. मुलांना तिचे चित्र तीन रंगांत काढायला सांगा. स्वतः पट्टीने मोजले ते निळ्या शाईने. मालकाने किंवा वडीलधाऱ्यांनी सांगितले, कागदपत्रांत वाचले ते हिरव्याने. आणि अंदाजाने काढले ते खडूने. होडीचा पाण्याखालचा भाग काढायची वेळ आली, की वर्गात नेमकी चर्चा सुरू होते. कुणीतरी म्हणते, खडू नको, ओहोटीपर्यंत थांबू आणि मोजूनच काढू. त्या वाक्यासाठी सारा खटाटोप!

प्रदर्शनातल्या त्या दोन मुलांना मी दुसरा क्रमांक दिला होता. त्याचा पश्चात्ताप नाही. त्यांची चूक ही पुस्तकांची चूक होती, आणि काही अंशी माझ्यासारख्या व्याख्यात्यांचीही. त्या मुलीच्या प्रश्नाला मात्र मी कुठेच गुण दिले नव्हते, कारण गुणपत्रिकेत प्रश्नासाठी रकाना नव्हता. तिच्या शाळेच्या पत्त्यावर मी हे गणित लिहून पाठवले. व्याख्यानातले जुने चित्र अजूनही दाखवतो, पण आता लाल भेगेवरून आधी खडू फिरवतो आणि मुलांना विचारतो, "ही रेघ कुणी मोजली?"